साडेछत्तीस मीटरचा दोर

निवृत्तीला सोळा दिवस राहिले होते. सरांचे गुडघे त्याच्या बरेच आधी निवृत्त झाले होते. रोज पहाटे पलंगाच्या कडेला बसून ते दोन्ही तळव्यांनी गुडघे चोळत, मग भिंतीला धरून उठत.

बायको पडल्या पडल्या म्हणाली, "सोळा दिवसांनी कुणाला उठवणार आहात एवढ्या सकाळी?"

"तुला."

"मी पळणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

कॉलेजात सर तसे पुष्कळ होते, पण नाव न घेता नुसतं 'सर' म्हटलं की ते हेच. धावण्याचा संघ त्यांनी चौतीस वर्षं सांभाळला. गोड बोलणं त्यांना जमत नसे. पळून आलेल्या पोराला फार तर "बरं" म्हणत, आणि त्या एका 'बरं'साठी पोरं अंगाचं पाणी करत.

संघात यायचा नियम एकच होता. आपल्या मैदानावर, सरांच्या घड्याळासमोर, पाच हजार मीटर. म्हणजे साडेबारा फेऱ्या. मुलींना वीस मिनिटं. वीसच्या आत आली ती संघात, नाही आली ती बाहेर. ओळख, चिठ्ठी, रडणं, काही चालत नसे. सहा वर्षांपूर्वी प्राचार्यांची सख्खी पुतणी दोन सेकंदांनी राहिली. ती राहिलीच.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या तोंडी होती. बाहेरच्या स्पर्धेत सरांची पोरं घरच्यापेक्षा आठ-दहा सेकंद आधी पोचायची. एखाद्या वर्षी नव्हे, दरवर्षी. दुसऱ्या कॉलेजांचे कोच विचारत, "काय चारता हो पोरांना?" सर म्हणत, "कष्ट." आपण पोरांना नेमक्या दिवसासाठी तयार करतो, असं त्यांनाही मनातून वाटायचं. आयुष्यात अभिमान बाळगावा असं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

त्या सकाळी शेवटची चाचणी होती. सहा मुली पळाल्या. पाच जणी वेळेत आल्या. सहावीला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच होती. ती वीस मिनिटं चार सेकंदांनी आली आणि रेषेपलीकडे गुडघ्यांवर कोसळली.

सर तिच्याजवळ गेले. थोडक्यात राहिलेल्या प्रत्येकाला ते जे सांगत, तेच तिला सांगितलं.

"शेवटच्या दोन फेऱ्यांत तू जोर राखून ठेवलास."

टाचणीने मान वर केली नाही. सर वहीत पाच नावं लिहून बाकावर जाऊन बसले. यादी दुपारी बारापर्यंत ऑफिसात द्यायची होती.

आठ वाजता मोजणीवाला आला. पुढच्या महिन्यात हे मातीचं मैदान उखडून तिथे रबराची नवी धावपट्टी होणार होती. त्यासाठी ठेकेदाराने त्याला पाठवलं होतं. जुन्या पट्टीच्या आतल्या कडेच्या विटांना लागून त्याने स्टीलची टेप फिरवली, कागदावर आकडे मांडले, आणि डोकं खाजवलं.

"सर, ही चारशेची आहे ना?"

"मग कितीची असणार?"

"चारशे तीन भरतेय. वर थोडं."

"परत मोज."

त्याने परत मोजलं. तिसऱ्या खेपेला टेपचं दुसरं टोक सरांनी स्वतः धरलं. आकडा हलला नाही. सरळ भाग दोन्हीकडे बरोबर होते. दोन्ही वळणं मोठी होती. मध्यापासून साडेछत्तीस मीटरवर विटा हव्या होत्या, त्या सदतीसवर होत्या.

"अर्ध्या मीटरचा तर फरक," मोजणीवाला समजुतीने म्हणाला. "चालतं हो. नाहीतरी उखडायचंच आहे."

सर त्याला टेप घेऊन यायला सांगून स्टोअरकडे निघाले.

मैदानाची निगा राखणारा माणूस तिथे चहा पीत बसला होता. रेषा आखायची पांढरी फक्की त्याच्या हातांवर कायमची चढलेली, म्हणून त्याला सगळे फक्कीमामा म्हणत. तो सरांच्या मागोमाग नोकरीला लागला होता आणि त्यांच्याआधी म्हातारा झाला होता.

"मामा, दोर काढा."

वळण आखायची त्यांची पद्धत ठरलेली होती. वळणाच्या मध्यावर लोखंडी पहार सिमेंटात पक्की केलेली. तिच्यात दोराचं एक टोक अडकवायचं, दुसऱ्या टोकाला गाठ. गाठीपाशी खुंटी धरून दोर ताणत फिरायचं, की जमिनीवर वळण उमटतं. त्या रेघेवर विटा. पाऊस सरला की विटा खचलेल्या असायच्या, म्हणून हे काम दरवर्षी नव्याने. पूर्वी दोराच्या जागी तार होती. ती गंजून तुटली. बावीस वर्षांपूर्वी सरांनी नायलॉनचा दोर आणला, व्हरांड्याच्या फरशीवर पसरून टेपने मोजला, बरोबर साडेछत्तीस मीटरवर स्वतः गाठ मारली.

आज तोच दोर त्यांनी त्याच फरशीवर पसरला. मोजला. साडेछत्तीस.

"बरोबर तर आहे," मामा म्हणाले.

"धरा ते टोक. मैदानावर धरतो तसा."

मामांनी टोक खांबाला गुंडाळून धरलं. सरांनी टाच रोवली, मागे झुकले आणि ओढलं. बावीस वर्षं ते असेच ओढत आले होते. ढिला दोर म्हणजे ढिलं काम. हे काम ते कुणा विद्यार्थ्यावर सोपवत नसत, कारण पोरं पुरता जोर लावत नाहीत. मोजणीवाल्याने वाकून टेप लावली.

"सदतीस," तो म्हणाला.

सरांनी दोर सोडला. तो सरकला आणि मुकाट्याने परत साडेछत्तीस झाला.

मामांना कळायला वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही कमी ओढला असता तर..."

"हो."

"मी दरवर्षी म्हणायचो, सर, पुरे."

"म्हणायचात."

एका फेरीला तीन मीटर चौदा सेंटिमीटर जास्त. साडेबारा फेऱ्यांना एकोणचाळीस. मुलींच्या चालीने नऊ सेकंद. बाहेरच्या मैदानावर पोरांचे जे आठ-दहा सेकंद घटत होते, ते कुठून घटत होते, हे सरांना व्हरांड्यातच उभ्या उभ्या कळलं. ते खांबाला टेकले. इतकं थकल्यासारखं त्यांना पळतानाही कधी वाटलं नव्हतं.

जुन्या वह्या कपाटात होत्या. सर खाली बसून बावीस वर्षं चाळत राहिले. नऊ सेकंदांहून कमी फरकाने बाहेर राहिलेली मुलं-मुली मिळून अकरा निघाली. कुणाचं गाव माहीत होतं, कुणाचं तेही नाही. एकीचा मात्र ठावठिकाणा पक्का होता. एकोणीस वर्षांपूर्वी ती वीस मिनिटं सहा सेकंदांनी आली होती. संघ गेला म्हणून होस्टेलमधली खेळाडूंसाठीची खोली गेली, खोली गेली म्हणून कॉलेज. आता बस स्टँडमागे तिचं शिवणाचं दुकान होतं. संघाचे बनियन गेली बारा वर्षं तीच शिवत होती. चाचणी झाली की सर जाऊन आकडा सांगायचे, ती वहीत टिपायची. त्या दिवसाबद्दल दोघांत कधी अवाक्षर झालं नव्हतं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना सर प्राचार्यांसमोर उभे राहिले. यादीत सहा नावं होती.

"सहावी वीसच्या बाहेर दिसते," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही आणि सूट?"

सरांनी सगळं सांगितलं. प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोळा दिवस राहिलेत तुमचे. निरोपाची भाषणंसुद्धा लिहून झालीत. आणि आता हे उकरून काढता? मैदान पुढच्या महिन्यात नाहीतरी जाणारच आहे."

"पोरगी आत्ता आहे."

"तिला घ्या हो. कारण कशाला लिहिता?"

"कारणाशिवाय घेतली तर ती उपकाराने गेली, असं होईल."

प्राचार्यांनी सहीसाठी पेन उचललं. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. "म्हणजे आमची पुतणी?"

"ती पण."

"दोन सेकंदांनी राहिली होती."

"हो. घ्यायला हवी होती."

प्राचार्यांनी चष्मा परत लावला आणि यादीवर सही केली. "आमच्या भावाला यातलं काही कळवू नका. मोठ्या मुश्किलीने माझ्याशी परत बोलायला लागलाय."

दुपारी उन्हात सर दुकानाशी पोचले. अरुंद जागा, दोन मशीनं, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे. बाई कापडावर खडूने आखत होत्या. गळ्यात टेप होती.

"या सर. पाच ना? सकाळीच ऐकलं. कापड काढून ठेवलंय."

"सहा."

"सहा कसे? चार सेकंदांनी राहिली म्हणे एक."

सर स्टुलावर बसले. फिरवून बोलणं त्यांना येत नव्हतं. दोर, गाठ, ओढणं, नऊ सेकंद, सगळं जसं झालं तसं सांगून टाकलं. बाईंचा खडू मध्येच थांबला होता. नंतर त्यांनी राहिलेली रेघ पुरी केली.

"म्हणजे माझी वेळ एकोणीस मिनिटं सत्तावन्न सेकंद," त्या म्हणाल्या.

"हो."

"नायलॉनचा दोर ओढून माप घेतलंत?"

"हो."

"सर, ही टेप मी दर सहा महिन्यांनी बदलते. कापडी टेप ताणून लांबते. शिवण शिकायला गेलं की पहिल्या दिवशी सांगतात हे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

रस्त्यावरून एक बस वळली आणि दुकानातली काच थरथरली.

"वेळेचं एक वेळ राहू दे," बाई म्हणाल्या. "घड्याळ होतं ते. तुम्ही म्हणालात, शेवटच्या दोन फेऱ्यांत तू जोर राखलास. आठवतं?"

"सगळ्यांना तेच म्हणायचो."

"मी भिंतीपलीकडे जाऊन ओकले होते. मामांनी पाणी दिलं. उभं राहता येत नव्हतं. तरी मला वाटलं, सर म्हणतात म्हणजे राखला असेल. त्यांना दिसतं." त्यांनी कापडाची घडी केली, उलगडली, परत केली. "गेल्या वर्षी माझ्या पोरीला मार्क कमी पडले. रात्रंदिवस अभ्यास करत होती, मी डोळ्यांनी बघत होते. आणि निकाल हातात आल्यावर तिला काय म्हणाले माहितेय? शेवटी जोर राखलास. तुमचं वाक्य, जसंच्या तसं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही."

सरांनी मान खाली घातली. माफी मागायची म्हणून आले होते. शब्द जवळ होते, पण या पोरीच्या गोष्टीपुढे ते फारच तोकडे वाटले.

"चुकलो," ते एवढंच म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलातच." आणि त्यांनी वही ओढली. "सहावीचं माप?"

"माहीत नाही. बारीक आहे. अंदाजाने..."

"अंदाजाने मी शिवत नाही. पोरीला पाठवा." पेन्सिल वहीवर तशीच धरून त्यांनी विचारलं, "तिला काय म्हणालात सकाळी?"

सर भिंतीवरच्या अर्धवट कपड्यांकडे पाहू लागले.

"तेच ना?"

"तेच."

"मग आधी ते जाऊन परत घ्या. मापाला नंतर पाठवा. यादीत नाव आलं म्हणून पोरगी खूश होईल, पण ते वाक्य तसंच राहील. मला विचारा."

सर उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली. दुकानाच्या पायरीवर त्यांनी क्षणभर दाराची चौकट धरली. बाई मशीनवर बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

चार वाजता ते मैदानावर आले. संघातल्या पाच जणींना सुट्टी होती. पट्टीवर टाचणी एकटीच पळत होती. पाय ओढत होती, खांदे वर चढले होते, तरी थांबत नव्हती.

"कधीपासून पळतेय ही?" सरांनी विचारलं.

"तीनपासून," फक्कीमामा म्हणाले. "दोन फेऱ्या जीव खाऊन पळते, थोडी चालते, परत दोन. विचारलं तर म्हणे, शेवटच्या दोनचा सराव करतेय. नोटीस बोर्डाकडे तर फिरकलीच नाही."

सर वळणावर, आतल्या विटांना लागून, पट्टीत जाऊन उभे राहिले. चौतीस वर्षांत पळणाऱ्याच्या वाटेत ते कधी उभे राहिले नव्हते. टाचणी समोर येऊन थबकली. धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते.

"सकाळी मी तुला चुकीचं सांगितलं," सर म्हणाले. "तू जोर राखला नव्हतास. सगळा लावला होतास."

टाचणीला ते पटेना. "मग कमी कुठे पडले मी?"

"कमी पडली नाहीस. मैदान जास्त होतं."

"जास्त?"

"एकोणचाळीस मीटर. माझ्या हाताने झालंय. तू संघात आहेस. उद्या बस स्टँडमागे शिवणाच्या दुकानात जाऊन माप दे."

तिने वळणावरच्या विटांकडे पाहिलं, मग सरांकडे. तिचे डोळे भरून आले होते, पण आनंदाने की रागाने ते तिलाच ठरवता येत नव्हतं.

"परत पळून दाखवू का, सर? बरोबर मोजून?"

"नको," सर म्हणाले. "बस आता."

ती होती तिथेच बसली. सरांनीही एक हात गुडघ्यावर आणि एक जमिनीवर टेकून हळूहळू अंग खाली घेतलं आणि तिच्याशेजारी, चुकीच्या जागी लावलेल्या त्या विटांवर बसले.