एसीखालची बादली

आमच्या ग्रामीण रुग्णालयाचा वायरमन रोज सकाळी गच्चीवर जातो, सोलरच्या काचेवरून बोट फिरवतो आणि ते जिभेला लावतो. "खारं हाय," एवढंच म्हणून काचा धुवायला घेतो. पाणी मात्र एसीच्या नळीतून ठिबकलेलंच हवं. बोरिंगच्या पाण्याने काचेवर डाग पडतात म्हणे. म्हणून व्हरांड्यात प्रत्येक नळीखाली त्याची बादली. माझा पाय लागून ती सांडली की मी त्याला बोलायची. "व्हय सिस्टर," म्हणायचा, आणि बादली तिथेच ठेवायचा.

यंदाच्या वादळात तीन दिवस लाईट नव्हती. पाऊस थांबला तरी समुद्रावरून खारा वारा सुटलेलाच होता. ऊन असूनही बॅटरी भरेना. जनरेटरचं डिझेल संपत आलेलं, आणि ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये कालच जन्मलेलं, जेमतेम दीड किलोचं बाळ. वायरमन त्या बादल्यांमधून साठवलेल्या पाण्याचे कॅन घेऊन गच्चीवर गेला. तासाभरात बॅटरीचा आकडा चढू लागला. खाली येऊन त्याने दारातूनच बाळाकडे पाहिलं आणि रिकामे कॅन जिन्याखाली ओळीने लावले.

हल्ली माझ्या ड्युटी रूमबाहेरची बादली भरली, की मीच ती त्या कॅनमध्ये ओतून येते.