धाकट्याचा वाटा

आमच्या चुलतसासऱ्यांइतका हट्टी माणूस तारापूरच्या किनाऱ्यावर आजवर झाला नाही, आणि झालाच असेल तर यांच्याशी वाद घालून दमून परगावी निघून गेला असेल. अख्खं दांडी गाव त्यांना तांडेल म्हणतं. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. सुकाणू त्याच्या हातात आणि बाकीच्यांची तोंडं बंद. काका घरातही तांडेलच. एकदा कालवणात मीठ जास्त पडलं हे काकींनी स्वतः कबूल केलं, तरी "मीठ बरोबर हाय, मासळी कमी पडली" म्हणत काकांनी ताट पुसून खाल्लं आणि वर दोन तांबे पाणी प्यायले. अशा माणसाचा उतारवयात जीव जडावा कुणावर? तर फ्रान्समधल्या एका फुटबॉल खेळणाऱ्या पोरावर!

दोष माझ्या टीव्हीचा. मी बोईसरजवळ सरावलीला राहतो आणि इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत काम करतो. चार-पाच वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी काका सुके बोंबील घेऊन आले (ते आले की जिन्यातच सगळ्या बिल्डिंगला कळतं), तेव्हा टीव्हीवर मॅच चालली होती. मैदानात सतरा वर्षांचं काटकुळं पोर होतं, त्याची पहिलीच मोठी मॅच. मध्येच त्याचं गाव दाखवलं. धक्का, बोटी, जाळ्याला गाठी मारत बसलेला बाप. काका ताडकन उठले. "अरे, हा तर आपल्यातला हाय!" मी म्हटलं, "काका, तो फ्रान्सचा आहे." "मंग? तितला समिंदर काय गोडा हाय?" आता यावर माणसाने बोलावं काय, कपाळ! त्या पोराचं नाव घेताना माझी जीभ वळेना, तर काकांनी तोही प्रश्न निकालात काढला. त्यांचा थोरला मुलगा घरात होताच, म्हणून हा धाकटा. त्यातून धाकट्याचा हंगाम ऑगस्टात सुरू होतो आणि आमच्या बोटीही मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टातच समुद्रात जातात. काकांच्या लेखी हा रक्ताच्या नात्याचा पुरावा झाला. पुढे प्रत्येक मॅचला ते शेअर रिक्षाने दांडीहून आमच्याकडे यायला लागले.

धाकटा त्या वर्षी सुरेख खेळला. लगेच एका बड्या शहरातल्या बड्या क्लबाने त्याला उचललं, आणि नेऊन काय केलं, तर बाकावर बसवलं! पुढच्या हंगामात त्याला कुठल्याशा डोंगराळ गावातल्या खालच्या क्लबाकडे खेळायला धाडलं. आमच्या खालच्या टपरीवर चहाला येणारे कंपनीतले कामगार काकांना चिडवायचे. एकजण म्हणाला, "चाचा, आपका लड़का तो बेंच पे ही रिटायर हो जाएगा." काकांनी चहाचा ग्लास आपटला. "बैठा है, भागा तो नहीं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, दुसऱ्याच्या बोटीवर हंगाम काडला म्हंजे खलाशी वाईट झाला काय? मी पन काडलेत." बाकाबद्दल तर त्यांचा कायदाच होता. त्यांच्या बोटीवर आज्यापासूनचा रिवाज असा, की ज्याने बोटीवर जाळं चढवायला हात लावला आणि पाण्यात उभं राहून बोट लोटली, तो ऐनवेळी किनाऱ्यावर राहिला तरी मासळीत त्याचा वाटा निघतोच. बाकावर बसलेल्या पोराला कुणी वाटा का देत नाही, हे त्यांना फ्रान्सवाल्यांना एकदा समोर बसवून विचारायचं होतं.

मग एका हिवाळ्यात धाकट्याचा गुडघा गेला. मैदानावरून त्याला उचलून नेलं, आणि तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी पोर संपलं असं ठरवूनही टाकलं. काकांनी काकींना सरावलीला आणलं आणि माझ्या टीव्हीची दृष्ट काढायला लावली. काकींनी कुरकुरत का होईना, मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. आता बोईसर परिसरात नाकाला आणि घशाला झोंबलं, की माणूस मिरचीचा विचार करत नाही. शेजाऱ्यांनी तोंडाला ओले रुमाल बांधले, पोरंबाळं काखोटीला मारली आणि "गॅस सुटला, गॅस सुटला" करत सगळी बिल्डिंग रस्त्यावर! काका गॅलरीतून ओरडतायत, "काय नाय, दिष्ट हाय! गुडगा बरा व्हाया पायजे!" आमच्या सोसायटीत मी अजून मान वर करून चालत नाही.

हसू येतं खरं, पण त्याच हिवाळ्यात काकाही बोटीवर घसरून पडले होते, हे सांगायला हवं. त्यांचाही गुडघाच गेला. मुलाने सुकाणू हातात घेतलं आणि स्वच्छ सांगितलं, "बाबा, आता बोटीवर चडायचा नाय." जन्मभर ज्याने दुसऱ्यांना हुकूम सोडले, तो माणूस धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजायला लागला. मला फार वाईट वाटायचं. टीव्हीसमोर मात्र ते आणखीच पेटले. शेवटी बापलेकांची पैज लागली. नव्या हंगामाच्या पहिल्या मॅचमध्ये धाकटा मैदानात उतरला, तर नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या फेरीला सुकाणू काकांच्या हाती. नाही उतरला, तर काकांनी पुन्हा बोटीचं नाव काढायचं नाही. मुलाने बिनघोर हो म्हटलं. पोर संपलं, हे त्यानेही वाचलं होतं.

पहिल्या मॅचच्या रविवारी मुलगाही आमच्याकडे आला. धाकटा बाकावर. खेळ संपत आला तसा तो उठला, रेषेबाहेर धावून अंग गरम करायला लागला, वरचं जाकीट काढलं, प्रशिक्षकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिट्टी वाजली. मॅच खलास! मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, उतरला नाय."

काकांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "जाळा चडवला का त्यानं?"

"बाबा, त्याचा हितं काय…"

"पान्यात उभा व्हता का, सांग! गेल्या हंगामाला तो आपला खलाशी तापानं किनाऱ्यावर ऱ्हायला, तवा त्याचा वाटा कोनी काडला?"

वाटा मुलानेच काढला होता. तो उठला. मग चपला शोधता शोधता म्हणाला, "नारळ मोठा घ्या यंदा. मागचा बारका व्हता."

पुनवेनंतरच्या पहिल्या फेरीला काका बोटीवर गेले. खाडीच्या तोंडातून बोट त्यांनीच बाहेर काढली आणि खोल पाणी लागल्यावर मुलाला हाक मारून सुकाणू आपणहून त्याच्या हातात दिलं. हे मुलाने मला नंतर सांगितलं, काकांनी कधीच नाही. परतल्यावर धक्क्यावर वाटे पडले. काकांनी एक जास्तीचा ढीग बाजूला सारला. "ह्यो धाकट्याचा," म्हणाले आणि तो माझ्या पिशवीत ओतला. खलाशांपैकी कुणी हसलं नाही.

धाकटा आता आणखी खालच्या क्लबात खेळतो. त्या मॅचेस इथल्या टीव्हीवर लागत नाहीत. काकाही पुन्हा बोटीवर गेले नाहीत. ती एकच फेरी. पण बोट आली की मुलगा न विसरता दोन वाटे बाजूला काढतो. परवा धक्क्यावर धाकट्याची पिशवी घेताना मी न राहवून म्हटलं, "काका, त्या पोराला ठाऊकसुद्धा नाही हो, की इथे त्याचा वाटा निघतो."

"त्याला कशाला ठाव पायजे? काडनाऱ्याला ठाव हाय ना, बास झाला," काका म्हणाले. मग दुसरी पिशवी, त्यांच्या स्वतःच्या वाट्याची, उचलायला वाकले. गुडघा काही वाकेना. मुलगा हातातलं जाळं टाकून आला, पिशवी उचलली आणि बापाच्या हातात दिली.