बंदुकांची माहेरं

रताळ्याचं रान खणताना बेनेडिक्ट तोवाला पहिली बंदूक सापडली, तेव्हा महायुद्ध संपून जमाना झाला होता. लाकूड कुजलेलं, नळी गंजलेली. दुसऱ्या कुणी ती कुंपणाला लावली असती. यानं खोबरेल लावून पुसली, तर लोखंडावर जपानी बादशहाच्या मुद्रेचं सोळा पाकळ्यांचं फूल उमललं. तिथून त्याला वेड लागलं.

मग ग्वाडलकॅनाल बेटाच्या जंगलातून, ओढ्यांतून तो बंदुका आणून घराशेजारच्या मांडवात मांडत सुटला. जपानी, अमेरिकन, इंग्रजी. ठशांवरून कारखाना कसा ओळखायचा हे आल्यागेल्या परदेशी पाहुण्यांना विचारून घेई, आणि मिशनच्या जुन्या नकाशात ते गाव शोधी. त्याला तो बंदुकीचं माहेर म्हणे. संध्याकाळी सुपारी चघळत एखादी मांडीवर घेतली की समोरचा समुद्र विरघळून जाई आणि बर्फातली गल्ली दिसू लागे, लाकूड तासणारी माणसं दिसत. बर्फ त्याच्या लेखी खवलेल्या खोबऱ्यासारखं होतं. बायको होती तेव्हा म्हणायची, "एवढ्यांदा माझ्या माहेरी आला असतास तर माझी आई सुखानं मेली असती."

आमच्याकडे वंश आईकडून चालतो. त्यामुळे हे सगळं त्याच्या धाकट्या बहिणीच्या, फ्लोराच्या मुलाला, अलिकला मिळायचं होतं.

पण बेटावर आपसातलं भांडण पेटलं. पोरांनी बेनेडिक्टच्या मांडवातली एक बरी बंदूक पळवून दुरुस्त केली, आणि तिचीच गोळी लागून अलिक गेला. मांडवातली मोकळी जागा बेनेडिक्टला दिसत होती. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही.

भांडण निवल्यावर गावानं हत्यारं टाकायचं ठरवलं. वेशीवर बंदूकमुक्त गावाचा फलक लागणार होता. समितीचा माणूस मांडव बघून गेला. म्हणाला, या गंजक्या आम्ही मोजत नाही, ठेवा खुशाल. बेनेडिक्टचा जीव भांड्यात पडला. तो फडकं घेऊन बसला, तोच फ्लोरा आली.

"दादा, तुला प्रत्येकीचं माहेर ठाऊक. माझ्या अलिकला लागली ती कुठली?"

बेनेडिक्टनं फडकं खाली ठेवलं.

"इथली," तो म्हणाला. "याच मांडवातली."

"ते मला केव्हाच कळलंय. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." ती खाली बसली. "आता या कुणासाठी पुसतोस?"

त्याला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही. सकाळी त्यानं सगळ्या बंदुका वेलीनं बांधल्या. मोळी एकट्याला उचलेना, तेव्हा फ्लोरानं दुसरं टोक धरलं. दोघं किनाऱ्यानं चालत मैदानात आली. तिथं जमा झालेली हत्यारं कापायचं काम चाललं होतं.

समितीचा माणूस हसला. "मामा, यांना माफी दिलीय की कालच."

"मला नाही दिली," बेनेडिक्ट म्हणाला, आणि पहिली नळी त्यानं करवतीखाली धरली.