आबांची धावपट्टी

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी थोरला भाऊ हवाईदलातून सुटीवर साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तीन वर्षं रोज सकाळी माझा खांदा धरून ते ओट्यापासून गोठ्यापर्यंत जात आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत. माझ्या त्या खांद्याचं कुणी कौतुक केलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय खोटं!

भाऊ वायरलेसवर होता. जेवताना सांगू लागला, "आबा, धुक्यात इमान कानानं उतरवत्यात. खालनं वायरलेसवर दोन आवाज सोडत्यात. धावपट्टीच्या एका अंगाला गेलं की आखूड आवाज मोठा येतो, दुसऱ्या अंगाला लांब. मधोमध आलं की दोन्ही सारखं, मिळून एकच सूर. त्यो धरून सरळ यायचं."

आबांचा घास हातातच राहिला. "म्हंजे डोळं नसलं तरी चालतंय व्हय?"

झालं! दुसऱ्या दिवशी अंगणाचा विमानतळ झाला. गोठ्याच्या दाराच्या एका बाजूला भाऊ रिकामा डबा घेऊन, दुसऱ्या बाजूला मी. त्यानं ठोका द्यायचा, मी मधली जागा भरायची.

"ज्याचा आवाज कमी, तिकडं सरका!" भाऊ ओरडला.

आबा ओट्यावरून उतरले. खांदा नाही, काठी नाही, आणि थेट गोठ्यात पोचले. भावाच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, तसा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उद्यापासून माझा खांदा कुणाला हवा?

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम अगदी हलक्या हातानं वाजवलं. आबांनी चुकावं, एवढंच मला हवं होतं. ते चुकले. तिरपे सरकत आले आणि माझ्या बाजूच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर त्यांची नडगी आदळली.

भाऊ धावला. "माजंच चुकलं, लय जोरात वाजवलं," म्हणाला. त्याच्या त्या चांगुलपणाचाही मला रागच आला.

मी आबांना ओट्यावर बसवलं, नडगीला हळद लावायला घेतली. ते मुळीच चिडले नव्हते.

"तुजा आवाज कमी येत हुता," ते म्हणाले, "म्हून तुज्याकडं येत हुतो."

मी मान वर केली नाही. त्यांना दिसणार नव्हतं, तरीसुद्धा.