जिन्यात वाचलेली चिठ्ठी

त्र्याण्णव साल. ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात आमचा चौथा दिवस होता... आमचा म्हणजे यांचा आणि माझा.

हे डोंबिवलीला एमआयडीसीत फिटर होते. दोन महिन्यांपासून चालताना तोल जायचा, शर्टाची बटणं लावताना हात भलतीकडे जायचा. कंपनीत, बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी एकच अर्थ काढला... दारू.

वॉर्डातही तेच. हे संडासाला निघाले की शेजारच्या खाटेवरचे आजोबा हाक मारायचे, "काय रं भाऊ, कुठली मारलीस? आमाला पन सांग की!" हे हसायचे. मला हसू यायचं नाही.

तिथे एका विभागाला दुसऱ्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांचं मत हवं असलं की दोन-चार ओळींची चिठ्ठी जायची. त्याला 'कॉल' म्हणत. त्या ओळी वाचूनच मोठे डॉक्टर कुठल्या पेशंटकडे आधी जायचं ते ठरवायचे. चिठ्ठी लिहायचे ते वॉर्डातच राहून शिकणारे तरुण डॉक्टर. आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई होत्या, पंचविशीच्या, कायम घाईत.

त्या दुपारी वॉर्डातल्या मावशी रजेवर होत्या, म्हणून चिठ्ठी माझ्याच हातात आली. "ताई, एवढं खाली मानसोपचारात देऊन या."

मी सातवी शिकलेली. इंग्रजी मात्र मुलीच्या पुस्तकांवरून, डिक्शनरी उघडून स्वतःच शिकले... कुणाला सांगायची वेळ आली नव्हती, एवढंच.

जिन्यात उभी राहून चिठ्ठी वाचली. चार शब्द अडले, एक अडला नाही. अल्कोहोलिक. पुढे लिहिलं होतं, बायको व्यसन लपवते.

ती चिठ्ठी खाली दिली असती तर यांची दारू सोडवायचे उपचार सुरू झाले असते, आणि खरा आजार आत तसाच वाढत राहिला असता... मी परत वर आले.

"डॉक्टर, हे पीत नाहीत. आणि मी काही लपवत नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी स्टूल पुढे केलं. "बसा. पहिल्यापासून सांगा. तोल कधी जास्त जातो?"

"सकाळी. उठल्या उठल्या. डोकं मागून ठणकतं, मग उलटी... पोटात काही नसताना."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही हो."

त्यांनी जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली, मेंदूच्या डॉक्टरांना. लिहून झाल्यावर माझ्यापुढे धरली. "वाचा. बरोबर आहे का सांगा." आणि ती घेऊन स्वतःच निघाल्या.

मोठे डॉक्टर तासाभरात आले. यांना बोट नाकाला लावायला सांगितलं, चालवून पाहिलं. मग मुंबईला नेऊन स्कॅन केला. मेंदूत मागच्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन झालं, पण सगळी निघाली नाही... त्यानंतर हे सात महिने जगले.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी यांना जे सांगितलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे कामावरून आले की डबा घ्यायच्या निमित्ताने मी जवळ जायचे आणि तोंडाचा वास घ्यायचे. डॉक्टरांसमोर एवढी ठाम उभी राहिले खरी... पण शंका मलाही आली होती.

"अहो, मला माफ करा."

हे हसले. "अगं, माहीत होतं मला. म्हणून तर दारातच मोठ्याने श्वास सोडायचो... तुझी एकदाची खात्री पटावी म्हणून."

त्या डॉक्टरीणबाईंचं आडनावही आता आठवत नाही. यांना वाचवणं त्यांच्या हातात नव्हतं, कुणाच्याच नव्हतं. पण मला माफी मागायची होती आणि ती ऐकायला हे होते... ते त्यांनी वेळेवर चिठ्ठी बदलली म्हणून.