रफीकभाईंचं स्टूल

रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघतच नसत. मालकाला लोखंडी स्टुलावर बसवत, हात पुसत समोर उभे राहत आणि विचारत, "कार्बोरेटर कोणी उघडला होता?" द्वारका चौकाच्या अलीकडच्या त्या स्टुलावर बसून खरं बोललेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

मीही खोटंच बोललो. बाबांची चाळीस वर्षांची मोटारसायकल काळा धूर ओकत होती, आचके देत होती. "कोणीच नाही उघडला," मी म्हणालो. रफीकभाईंनी प्लग काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. काजळीने नुसता माखला होता. "भाऊ, पेट्रोल आणि हवा, दोघांचा संसार आहे हा. पेट्रोल जास्त झालं की असं तोंड काळं होतं. यानं सगळं सांगून टाकलंय, तुमचंच राहिलंय." त्यांनी प्लग पुसून परत बसवला. "याद आलं की या."

याद मला चांगली होती. महिन्यापूर्वी गाडी अडखळायला लागली, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ बघून मीच कार्बोरेटर खोलला होता. पेट्रोल सोडणारं चिमुकलं पितळी जेट काढून त्याच्या केसाएवढ्या भोकात बायकोची शिवणाची सुई घालून चांगली फिरवली होती. हे बाबांना कळू द्यायचं नव्हतं. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी माझ्या हातात कधी पाना दिला नाही. त्या गाडीवर आई त्यांच्या मागे बसून थेट कळवणला माहेरी जायची. ती गेल्यापासून ते रोज सकाळी गाडीला फडकं मारत. आता मात्र म्हणाले, "दसऱ्यापर्यंत नीट झाली नाही तर देऊन टाक." त्या दिवसापासून त्यांनी फडक्याला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं, पण तोंड उघडेना.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा रफीकभाई कुणाचं तरी जेट साफ करत होते. ते मूळचे येवल्याचे, विणकराच्या घरातले. माग भावाकडे राहिला, यांनी पाना घेतला. पण जेटला ते कधी तार लावत नसत. भावाच्या मागावरचा रेशमाचा दोरा पेट्रोलात बुडवून भोकातून ओवत. "तारेनं भोक मोठं होतं. रेशीम फक्त मळ घेऊन येतं."

"आणि सुई घातली तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोणाची सुई?"

मी गाडी ढकलत घरी आलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा स्वतःच बरोबर निघाले. "या गुरुजी," म्हणत रफीकभाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"मी," मी म्हणालो. "सुई घातली."

बाबा खाकरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्या आधी मी. टाचणी."

जन्मभर पोरांकडून खरं वदवून घेतलेला माणूस मान खाली घालून बसला होता. "म्हटलं, तुला कळलं तर हसशील," ते म्हणाले.

रफीकभाईंनी ड्रॉवर उघडला. आत कागदात गुंडाळलेलं नवं जेट, वर माझं नाव. "पहिल्याच दिवशी आणून ठेवलंय."

"मग बसवलं का नाही?" मी चिडलोच.

"बसवलं असतं, आणि तुम्ही परत सुई घातली असती. कबूल केल्याशिवाय माणसाचा हात थांबत नाही, भाऊ." दहा मिनिटांत धूर गेला. निघताना त्यांनी बाबांच्या हातात रेशमाची एक छोटी गुंडी ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात रफीकभाई गेले. गॅरेजला कुलूप लागलं. यंदा दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून किक मारली, तर दोनदा फुरफुरून ती बंद पडली. विचारणारं आता कोणी नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मी उघडला होता."

बाबांना आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. खिशातून त्यांनी रेशमाची गुंडी काढली, माझ्या शेजारी खाली बसले आणि पाना माझ्या हातात दिला.