आबांचा भंडारा पुसणाऱ्या सिस्टर

त्या वर्षी कार्तिक-मार्गशीर्षात माझं खंडोबाशी भांडण चाललं होतं. एकतर्फीच म्हणा, देव काही उलट बोलत नाही. पण रोज सकाळी दवाखान्याच्या नळावर तोंड धुताना मी मनातल्या मनात त्याला विचारायचो, की बाबा रे, ज्या माणसानं जन्मात तुझी एक चंपाषष्ठी चुकवली नाही, त्याला ऐन सणाच्या तोंडावर पलंगावर कशाला निजवलंस? आबा, म्हणजे माझे वडील, हाडाचे मेंढपाळ. आमचं गाव लासूर स्टेशनच्या अलीकडं. मीही लहानपणी मेंढरांमागंच हिंडलो, पण वाळूजला कारखाने उभे राहिले तशी काठी टाकली आणि प्रेस मशीन धरलं. आबांना ते कधी पटलं नाही. माझा तापट स्वभाव मात्र त्यांचाच. थंडीत रानात मुक्काम करून करून त्यांच्या छातीत कफ साठला, ताप डोक्यात गेला, आणि मी त्यांना तेव्हाच्या औरंगाबादेत एका मोठ्या दवाखान्यात आणून टाकलं.

आठ दिवस धोक्याचे गेले. मग ताप उतरला आणि आबांना मधल्या वॉर्डात हलवलं. मधला वॉर्ड हे नाव आम्हा नातेवाइकांचं. मरणातून बाहेर आलेली, पण घरी जाण्याजोगी न झालेली माणसं तिथं ठेवत. मोठे डॉक्टर सकाळी एक फेरी मारून जात, बाकी सगळा कारभार एका सिस्टरांचा. चाळिशीच्या, सावळ्या, पायात साध्या चपला. आवाज कधी चढायचा नाही, पण सांगितलेलं कुणी मोडायचंही नाही. रोज सकाळी त्या प्रत्येक पलंगाशी थांबायच्या. छातीकडं बघत श्वास मोजायच्या, नाडी धरायच्या, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायच्या, लघवीचा रंग विचारायच्या. मग वहीत लिहायच्या, आणि त्याप्रमाणं पलंग हलायचे. घरी जायला झालेला माणूस दाराकडं, अजून काही दिवस राहणारा मध्ये, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तो त्यांच्या टेबलाजवळ. टेबलाजवळ पलंग नेला की घरचे धास्तावायचे. लोक वॉर्डातल्या मामांना चहा पाजून पलंग दाराकडं सरकवायला सांगायचे, जणू पलंग सरकला की दुखणंही सरकणार. मीही पाजला, खोटं कशाला बोलू!

त्यांची एक तऱ्हा मला आधी गमतीची वाटायची. प्रत्येक माणसाला त्या त्याच्याच धंद्यातलं काहीतरी विचारायच्या. शेजारच्या शिंप्याला विचारत, आज कुणाचं माप घेतलं. आबांना विचारत, मेंढरं किती, आणि पुढं कोण चालतंय. आबा खुशीत येऊन आकडा सांगायचे आणि पुढं चालणाऱ्या मेंढीचं नावही सांगायचे. मला वाटायचं, बाई मन रमवतात. आबांनी मात्र त्यांना दोन दिवसांत ओळखलं. मला म्हणाले, "मेंढरू पडायच्या आधी कळपाच्या मागं राहतं. धन्याला ते दिसाया लागतं. या बाईला दिसतंय बघ." आबा अशी तारीफ सहसा कुणाची करत नसत. माझी तर कधीच केली नाही.

आता जे सांगायचं आहे ते लाजेचं आहे, पण ते गाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. शहर धुमसत होतं. आज मोर्चा, उद्या बंद, आणि जो तो समोरच्याचं आडनाव आधी विचारून मग बोलायचा. आमच्या कारखान्यात एकाच मशीनवर काम करणारी माणसं डबे वेगळे घेऊन बसायला लागली होती. मीही वॉर्डातल्या मामांना सिस्टरांचं आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून त्या आबांच्या अंगाला हात लावायला आल्या की माझ्या कपाळावर आठी पडायची. आबांना काही वाटत नव्हतं, आईलाही नाही. मलाच, चार यत्ता शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या मला वाटत होतं.

आईचा सगळा भरवसा भंडाऱ्यावर. खंडोबाची हळद ती पुडीत घेऊनच आली होती. आबांच्या कपाळावर तर लावायचीच, पण दुखणं मोठं म्हणून गालाला, पापण्यांना, तळहातालाही माखायची. सिस्टरांनी एकदा सांगितलं, मावशी, कपाळाला लावा, बाकी अंग मला बघायचं असतं. आईनं मान हलवली आणि त्यांची पाठ वळताच पुन्हा माखलं. मला तर त्यांचं ते सांगणंच झोंबलं. आमच्या देवाचा भंडारा कुठं लावायचा हे या ठरवणार? मग मीच आईला म्हटलं, लाव, चांगला लाव.

चंपाषष्ठी जवळ आली. आबांचा नेम असा, की त्या दिवशी शहरालगत डोंगराकडच्या सातारा गावच्या खंडोबाला जाऊन तळी उचलायची. आईनं ध्यासच घेतला. नेम मोडला तर देव कोपेल आणि असलेला धनीही नेईल, असं ती रडत रडत म्हणायची. त्याच सुमारास सिस्टर दोन दिवस सुट्टीवर गेल्या. बदलीच्या सिस्टर नव्या, वॉर्ड भरलेला. आबा आता शांत पडून असायचे, दिवसाही झोपायचे. आम्हाला वाटलं, आराम पडतोय. मी डॉक्टरांच्या मागं लागलो. त्यांनी लांबूनच पाहिलं, ताप नाही, खोकला कमी, आणि माझ्या जबाबदारीवर नेतो म्हणत असशील तर सही कर म्हणाले. मी सही केली. ओळखीच्या एकाची जीप ठरवली.

सणाच्या सकाळीच शहर बंद. क्रांती चौकात पोलीस उभे, बस नाही, रिक्षा नाही. जीपवाला गल्लीबोळांतून कसाबसा दवाखान्याच्या मागच्या फाटकाला आला. पाळीच्या सिस्टर येऊ शकल्या नव्हत्या, म्हणजे अडवायलाही कुणी नाही. देवानंच वाट मोकळी केली असं मला वाटलं. आईनं आबांना नवं धोतर नेसवलं, तोंडभर भंडारा माखला. मी त्यांना खांद्याशी धरून उठवत होतो, तेवढ्यात दारात सिस्टर उभ्या. साडीच्या काठाला धूळ, श्वास लागलेला. पाळीची बाई येणार नाही हे कळल्यावर सुट्टीचा दिवस सोडून त्या छावणी भागातल्या घरून चालत आल्या होत्या, रस्त्यात दोनदा अडवलं गेलं तरी. हे मला नंतर मामांकडून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की आपली गाडी खाली उभी आहे आणि ही बाई आडवी आली आहे.

त्यांनी मी सही केलेला कागद वाचला. फडकं ओलं केलं आणि आबांच्या तोंडावरचा भंडारा पुसायला हात पुढं केला. मी तो हात धरला. वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुम्हाला आमच्या देवाचं काय कळणार?"

त्या शब्दांमागं काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं, त्यांना तर सगळ्यांत आधी. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "देवाचं मला नाही कळत, भाऊ. आबांच्या डोळ्याचं कळतं. तेवढं बघू द्या, मग न्या."

माझा हात आपोआप सुटला. त्यांनी आबांचं तोंड पुसलं, पापण्या पुसल्या, तळहात पुसले. फडकं पिवळं झालं, पण आबांचा पिवळेपणा गेला नाही. पापणी खाली ओढली तर डोळ्याचं पांढरं असतं ते हळदीसारखं पिवळं. आई जागच्या जागी खाली बसली. आम्हीच देवाच्या रंगाखाली त्यांचं दुखणं झाकून ठेवलं होतं. मग सिस्टरांनी वाकून नेहमीचं विचारलं, "आबा, मेंढरं किती?"

आबांनी त्यांच्याकडं लांबून बघितल्यासारखं बघितलं. म्हणाले, "माय मोजती की."

त्यांची माय जाऊन चाळीस वर्षं झाली होती. ज्या माणसाला झोपेतही आकडा चुकत नव्हता, त्यानं असं म्हणावं! तो प्रश्न मन रमवायला नव्हता, शुद्ध तपासायला होता, हे मला तेव्हा कळलं. सिस्टरांनी मामांना हाक मारली आणि दोघांनी मिळून पलंग ढकलत टेबलाजवळ नेला. परवापर्यंत ज्या जागेची मला धास्ती होती, तिथं आबा पोचल्यावर मला पहिल्यांदा धीर आला. सिस्टर स्वतः डॉक्टरांना घेऊन आल्या. यकृतावर आलं होतं, आजारानं की औषधानं ते पुढं ठरायचं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गाडीत बसवलं असतंस तर बहुतेक डोंगराच्या पायथ्यालाच यांची शुद्ध गेली असती, आणि तुम्हाला वाटलं असतं झोपलेत.

खाली जाऊन मी जीप परत पाठवली. मग व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. इतके दिवस मी देवाला नुसते जाब विचारत होतो, आणि वर त्यानं कसं यायचं, कुठल्या रूपात यायचं, हेही मीच ठरवून देत होतो. तो मात्र आपल्या मर्जीनं चालत येऊन गेला होता, आणि मी त्याचा हात धरून अडवला होता. हा चमत्कार होता की एका बाईची कामावरची निष्ठा, हा वाद मी कुणाशी घालत नाही. मला त्या दोन्हीत फरक करता येत नाही. त्या दिवशी मी काही मागितलं नाही. तूच बघ बाबा, एवढंच म्हणालो आणि पोटभर रडलो.

आबा सावरायला तीन आठवडे लागले. टेबलाजवळून मध्ये आले, मधून दाराकडं गेले, आणि या खेपेला मी कुणालाही चहा पाजला नाही. आकडा परत बरोबर यायला लागला, पुढं चालणाऱ्या मेंढीचं नाव आलं, तेव्हा सिस्टर पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आईला नेम मोडल्याची रुखरुख होती. आबा तिला म्हणाले, "देव कुठं पळून चाललाय व्हय? डोंगरावरच हाये. जाऊ की."

घरी जायच्या दिवशी मी नारळ आणि साडी घेऊन वॉर्डात गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायची. सिस्टर नुकत्याच आणलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पलंगाशी वाकल्या होत्या. बाईच्या दंडाला कुठल्या तरी दर्ग्याचा ताईत बांधलेला, सून उशाशी रडत उभी. मी जाऊन समोर उभा राहिलो आणि म्हणालो, सिस्टर, त्या दिवशी मी जे बोललो त्याची माफी मागायला आलोय.

त्यांनी मान वर केली नाही. बोटं बाईच्या पापणीवर होती. ऐकलं मात्र होतं, कारण आवाज एकदम मऊ झाला.

"होय भाऊ. जरा बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

मी बाजूला झालो.